रस्त्याकडेची दुर्मिळ फळझाडे : त्यांची ओळख आणि नोंद

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत पसरलेल्या यावल व रावेर तालुक्यांचे नाव निघाले की कोणाच्याही डोळ्यांपुढे प्रथम केळीच्या बागा उभ्या राहतात. फैजपूर, सावदा, न्हावी, रावेर ही गावे केळीच्या व्यापारामुळे दूरदूरच्या बाजारपेठांना परिचित झाली आहेत आणि जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु या समृद्धीला एक दुसरी बाजू आहे. केळीच्या बागेला मोठ्या झाडाची दाट सावली मानवत नाही आणि त्याच्या मुळांची स्पर्धाही सोसत नाही. त्यामुळे बागा वाढत गेल्या तसतशी बांधावरची जुनी झाडे एकेक करून कमी झाली. पूर्वी शेताशेताच्या कडेला दिसणारी खिरणी, गोंदणी, कवठ, बारतोंडी ही झाडे आज जी काही उरली आहेत, ती बहुतांशी कोणा एकाच्या मालकीची नसलेल्या जागेत उभी आहेत. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या कडेस, देवळांच्या व दर्ग्यांच्या आवारात, शाळेच्या पटांगणात, गावठाणात, स्मशानभूमीत आणि जुन्या पाणवठ्यांजवळ ती शोधावी लागतात.

सार्वजनिक जागेतील झाडाचे भवितव्य पुष्कळदा त्याच्या नावावर अवलंबून असते, ही गोष्ट ग्रामीण कार्यकर्त्यांनी प्रथम लक्षात घ्यावी. चिंच व आंबा ही झाडे सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या फळांचा लिलाव होई, त्यातून थोडेफार उत्पन्न मिळे आणि म्हणून कागदोपत्री त्यांची मोजदाद राहिली. ज्या झाडाचे नाव मोजणी करणाऱ्यास ठाऊक नाही, ते यादीत ‘जंगली’ किंवा ‘इतर’ या सदरात जाते. पुढे रस्ता रुंद करावयाचा झाला, गटार काढावयाचे झाले किंवा शाळेची नवी खोली बांधावयाची झाली, म्हणजे अशा ‘इतर’ झाडाची किंमत जळाऊ लाकडाच्या भावाने ठरते. ते शंभर वर्षांचे असले आणि सगळ्या पंचक्रोशीत त्या जातीचे दुसरे झाड नसले, तरी त्याच्या बाजूने बोलण्यास कोणाजवळ शब्दच नसतो. खिरणीसारख्या झाडाच्या बाबतीत तर हे नुकसान गावापुरते राहत नाही. ते चिकूच्या बागायतीपर्यंत पोहोचते. हे कसे, ते पुढे सांगितले आहे.

ओळखण्याची रीत

फळ पाहून झाड ओळखणे सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट खरा आहे. फळ वर्षातून महिना-दीड महिनाच झाडावर दिसते आणि दोन अगदी वेगळ्या झाडांची फळे वरून सारखी असू शकतात. कवठ आणि बेल यांचेच उदाहरण घ्यावे. दोन्हींचे फळ गोल, कठीण कवचाचे व भुरकट. बाजारात नवख्या माणसाची या दोहोंत गफलत होते. पण झाडाखाली उभे राहून पान हातात घेतले की शंका उरत नाही. बेलाचे पान तीन दलांचे असते. कवठाच्या पानात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर पाच ते सात लहान दले असतात आणि ती चुरगळली असता बडीशेपेसारखा वास येतो. पान वर्षातील बराच काळ झाडावर असते. म्हणून ओळखीचा पहिला आधार पानाचा धरावा.

पान पाहताना ते एकटे आहे की अनेक दलांचे मिळून झाले आहे, फांदीवर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, टोक अणकुचीदार आहे की बोथट, एवढे तरी पाहावे. नंतर एक पान देठाजवळ तोडून पांढरा चीक येतो की नाही ते पाहावे. त्यानंतर खोडाची साल पाहावी. साल गुळगुळीत आहे, उभ्या चिरांची आहे की चौकोनी खवल्यांची आहे, हे दहा पावलांवरूनही दिसते. फूल व फळ यांची तपासणी त्यांच्या हंगामात करावी आणि महिना टिपून ठेवावा. याच क्रमाने पाहण्याची सवय झाली म्हणजे दहा झाडांपैकी आठ झाडे जागच्या जागी ओळखता येतात.

येथे दोन इशारे देणे आवश्यक आहे. चीक पाहण्यासाठी पानच तोडावे, सालीवर कोयता मारू नये. एक तर झाडास विनाकारण जखम होते, आणि दुसरे म्हणजे ते झाड बिब्ब्याचे निघाले तर त्याच्या रसाने हातावर फोड येतात. तसेच ओळख पटविण्यासाठी अनोळखी फळाची चव कधीही घेऊन पाहू नये.

खिरणी

या भागातील दुर्मिळ होत चाललेल्या फळझाडांत खिरणीचा मान पहिला समजावा. हिलाच काही ठिकाणी रायण किंवा रांजण म्हणतात. शास्त्रीय भाषेत तिचे नाव मनिलकारा हेक्झांड्रा असे आहे. हे झाड आपल्याच देशातील असून कोरड्या व उष्ण हवेत चांगले तग धरते. त्याची वाढ अतिशय सावकाश होते. त्यामुळे दोन पुरुष उंचीचे खिरणीचे झाड दिसले तरी ते लहान वयाचे आहे असे समजू नये. पसरलेला डेरा असलेले खिरणीचे झाड आजच्या पिढीने लावलेले असण्याचा संभव फारच थोडा.

खिरणीचे पान जाड, चिवट, वरून गडद हिरवे व तकतकीत असते. ते देठाकडे निमुळते व टोकाकडे रुंद होत जाते, आणि टोकाच्या मधोमध एक लहानशी खाच असते. ही खाच म्हणजे खिरणीची खूण होय. पाने फांद्यांच्या शेंड्यांकडे दाटीने येतात व झाड बारमाही हिरवे राहते. पान तोडताच पांढरा चीक येतो. साल करड्या-काळसर रंगाची, भेगाळलेली असते. हिवाळ्यात लहान, फिकट पिवळसर फुले येतात आणि उन्हाळ्यात, एप्रिलपासून जूनपर्यंत, निंबोळीएवढी किंवा तीहून थोडी मोठी पिवळी फळे पिकतात. फळात बहुधा एकच तकतकीत तपकिरी बी असते. गर गोड असतो, पण त्यात चीक असल्यामुळे पुष्कळ फळे एकदम खाल्ली तर ओठ चिकटतात. सुकविलेली खिरणी बराच काळ टिकते व गुजरातेत ती विकावयास येते.

खिरणीची गफलत तिच्याच कुळातील तीन झाडांशी होण्याचा संभव आहे, कारण या चारही झाडांना पांढरा चीक असतो. बकुळीचे पान टोकाला निमुळते व कडेने किंचित लाटदार असते, आणि तिचे फळ नारिंगी रंगाचे असते. बकुळीच्या सुवासिक फुलांचा सडा तर कोणीही ओळखील. मोहाची पाने खिरणीपेक्षा पुष्कळच मोठी असून ती उन्हाळ्याच्या आरंभी गळतात. चिकूचे पान टोकाला निमुळते असते व त्याच्या फळावर तपकिरी भुकटी असते. टोकाला खाच असलेले जाड पान, चीक आणि बारमाही हिरवेपणा या तीन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे ते झाड खिरणी आहे असे बहुतेक निश्चित समजावे.

आता या झाडाचे महत्त्व पाहू. चिकूचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. महाराष्ट्रात त्याची लागवड १८९८ मध्ये घोलवडला सुरू झाली आणि पुढे डहाणूचा सारा किनारा चिकूचा झाला. चिकूची खात्रीची लागवड बियांपासून करीत नाहीत, कारण बियांची रोपे मातृवृक्षासारखी निपजत नाहीत व फळावर यावयास फार वर्षे घेतात. म्हणून कलमे करतात, आणि त्या कलमांना खुंट म्हणून आपल्या देशात मुख्यतः खिरणीचे रोप वापरले जाते. समुद्रापलीकडून आलेले झाड आणि आपल्या माळावरचे झाड एकाच वंशातील असल्यामुळे दोहोंचा सांधा उत्तम जुळतो. खिरणीच्या मुळांवर वाढलेले चिकूचे झाड जोमदार, टिकाऊ व पाण्याचा ताण सोसणारे होते. म्हणजे चिकूच्या बागेत फळ चिकूचे दिसते, पण जमिनीखाली खिरणी असते.

खुंटासाठी बी लागते, आणि बी मोठ्या झाडांखालीच मिळते. वाढ सावकाश असल्यामुळे आज तोडलेल्या खिरणीची जागा नवे झाड वीस-पंचवीस वर्षांतही पुरतेपणी घेऊ शकत नाही. शिवाय झाडाझाडांत फरक असतो. एकाचे फळ मोठे व गोड, तर दुसऱ्याचे बारीक व चिकट. गुजरातमधील गोध्रा येथील केंद्रीय बागायती प्रयोग केंद्राने ‘थार ऋतुराज’ नावाचा खिरणीचा वाण निवडून काढला आहे. असे वाण मुळात कोणीतरी झाडाझाडांखाली जाऊन, फळे तपासून, नोंदी ठेवूनच निवडलेले असतात. आपल्या तालुक्यातील एखाद्या देवळामागच्या खिरणीत याहून चांगला गुण नसेलच असे कोणी म्हणावे? परंतु ते झाड उभे असेपर्यंतच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

खिरणीचे लाकूड अतिशय कठीण व जड असते. पूर्वी तेलघाण्याच्या भागांसाठी त्याला मागणी होती. हा गुण झाडाच्या मुळावर आला, असेच म्हणावे लागते.

बारतोंडी किंवा आल

फैजपूरचे नाव एकोणिसाव्या शतकात केळीसाठी घेतले जात नसे. कापडावरील छपाई आणि निळी व तांबडी रंगाई यांसाठी ते गाव नावाजलेले होते. निळा रंग निळीच्या झाडापासून मिळे. तांबड्या रंगासाठी खानदेश, वऱ्हाड व माळवा या भागांत आलीच्या मुळांचा सर्रास उपयोग होई, आणि तिची मुद्दाम लागवडही करीत. पेरणीनंतर काही वर्षांनी शेत खोल खणून मुळे काढावी लागत, इतके ते कष्टाचे पीक होते. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे व लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले. ते कारखान्यांतून स्वस्त निघू लागल्यावर आमच्याकडील आलीची शेती बसली. झाड मात्र रानावनात व गावकुसाजवळ राहिले. आज त्याला बारतोंडी म्हणून ओळखणारे थोडे, आणि त्याचा या रंगाशी असलेला संबंध जाणणारे त्याहून थोडे.

बारतोंडीची पाने फांदीवर समोरासमोर येतात आणि कोवळी फांदी चौकोनी असते. जुन्या खोडाची साल बुचासारखी जाड व खोल भेगांची असून आतून पिवळसर दिसते. पांढरी, नळीसारखी, सुवासिक फुले एका गोल गेंदावर येतात. पुढे तो सबंध गेंद एकजीव होऊन फळ बनतो, आणि प्रत्येक फुलाच्या जागी फळावर एक एक डोळा राहतो. असे अनेक डोळ्यांचे हिरवे फळ दिसले की दुसरी खूण पाहण्याची गरज नाही.

अलीकडे ‘नोनी’ या नावाने एका फळाचा रस बाटल्यांतून बऱ्याच चढ्या किमतीने विकला जातो. नोनी ही याच वंशातील दुसरी जात होय. तिची पाने मोठी व तकतकीत, फळ लांबट व पिकल्यावर पांढुरके, आणि वास उग्र असतो. दख्खनच्या माळावर आढळते ती बारतोंडी बहुधा निराळ्या जातीची, लहान फळाची असते. नावाच्या साम्यावरून रानातील फळांचा रस काढून पिण्याचा किंवा विकण्याचा उद्योग कोणी आरंभू नये. रसाच्या गुणांबद्दल जाहिरातींत जे सांगितले जाते, त्यातील पुष्कळ गोष्टींना आधार नाही.

चारोळी आणि टेंभुर्णी

पालच्या वाटेने सातपुड्यात चढू लागले म्हणजे चारोळीची झाडे भेटतात. यावल अभयारण्याच्या, म्हणजे १९६९ मध्ये राखीव झालेल्या वनाच्या, वृक्षांत तिची गणना आहे. पायथ्याच्या गावांत मात्र एखादेच झाड उरलेले असते. चारोळीची साल काळसर व मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांत फुटलेली असते. पान लांबट, चिवट, बोथट टोकाचे, व त्यावरील आडव्या शिरा समांतर व उठून दिसणाऱ्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत वाटाण्याहून मोठी काळी फळे पिकतात. वरचा गर आंबट-गोड असून आतील कठीण कवच फोडले की मिठाईत घालतात ती चारोळी निघते.

टेंभुर्णीची सालही अशीच काळी व खवल्यांची असते, म्हणून केवळ सालीवर विसंबू नये. टेंभुर्णीचे फळ पिवळे व पुष्कळ मोठे असून त्याच्या देठाशी कपासारखा निदलपुंजाचा भाग चिकटून राहतो. तिचे पान तर विडीच्या धंद्यामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे.

चारोळीला चांगला भाव मिळतो, आणि तोच तिला घातक ठरला आहे. दुसऱ्याने आधी तोडू नये म्हणून फळ पुरते पिकण्यापूर्वीच फांद्या छाटून ते गोळा करण्याची घातक रीत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. असे बी रुजत नाही आणि छाटलेले झाड पुढील वर्षी फळत नाही. गावठाणातील झाडाबाबत ग्रामसभेने फळ तोडण्याचा दिवस ठरविला, तर हा प्रकार थांबविता येतो. अभयारण्याच्या हद्दीतील झाडांस मात्र वन खात्याच्या परवानगीवाचून हात लावू नये.

गोरखचिंच

फैजपूरहून रावेर ओलांडले की बऱ्हाणपूर लागते, आणि त्याच्याही पलीकडे नर्मदेच्या उत्तरेस मांडूचा किल्ला आहे. मांडूत रस्त्यारस्त्याला अजस्र बुंध्याची गोरखचिंचेची झाडे उभी आहेत व तिची फळे वाटेवर विकावयास मांडलेली असतात. हे झाड मूळचे आफ्रिकेतील. अरब व्यापारी व हबशी लोक यांच्याबरोबर ते इकडे आले असे मानले जाते. हैदराबादजवळ गोवळकोंड्यास आणि मुंबईच्या राणीच्या बागेतही ते आहे. जुन्या राजवटींचा राबता असलेल्या बऱ्हाणपूर-असीरगडच्या या टापूत एखाद्या पडक्या गढीजवळ किंवा दर्ग्याजवळ असे झाड आढळणे अशक्य नाही. म्हणून त्याच्या खुणा देत आहोत.

बुंधा अवाढव्य, बाटलीसारखा फुगीर, साल करडी व गुळगुळीत. पान हाताच्या पंजासारखे पाच ते सात दलांचे, व कोरड्या हंगामात सर्व पाने गळून झाड उघडे पडते. पावसाळ्यात लांब देठावर खाली लोंबणारी मोठी पांढरी फुले रात्री उमलतात. फळ लवदार कवचाच्या भोपळ्यासारखे असून आत आंबट, पांढरा, पिठूळ गर असतो. काटेसावरीचे पानही पंजासारखे असते, पण तिच्या खोडावर, निदान तरुणपणी, जाड काटे असतात आणि फुले तांबडी व उघड्या फांद्यांवर येतात.

भोकर, गोंदणी, रामफळ ही झाडे अजून तितकी दुर्मिळ झालेली नाहीत, म्हणून त्यांचा विस्तार येथे करीत नाही. भोकराचे पान रुंद व गोलसर, गोंदणीचे अरुंद व लांबट, आणि दोन्हींच्या फळांत चिकट गर असतो, एवढे सांगितले तरी पुरे.

फळ दिसले म्हणून खाऊ नये

झाडे ओळखण्याचे काम शाळेतील मुलांकडून चांगले होते. परंतु त्यापूर्वी मुलांना दोन झाडे प्रथम दाखवावीत, कारण ती विषारी आहेत आणि तीही सार्वजनिक जागेतच असतात.

पहिले मोगली एरंड. हे कुंपणाला लावतात. २००३ नंतर जैवइंधनासाठी त्याच्या लागवडीचा पुष्कळ प्रचार झाल्यामुळे ते रस्त्याकडेला व पडीक जमिनीत आणखी पसरले. त्याच्या फळात बहुधा तीन काळ्या बिया असतात. त्या चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. नेमक्या याच कारणाने मुले त्या खातात, आणि थोड्याच वेळात ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. एका मुलाने खाल्ल्या की त्याचे सोबतीही खातात, म्हणून एकाच शाळेतील अनेक मुले एकदम दवाखान्यात दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात.

दुसरे पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. देवळाच्या आवारात हे फुलांसाठी लावलेले असते. पाने अरुंद व लांब, फुले पिवळी, घंटेच्या आकाराची, आणि फळ हिरवे, कंगोऱ्यांचे, पुढे काळे पडणारे. हिलाही खिरणीसारखाच पांढरा चीक असतो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चीक आहे म्हणजे खिरणी, असे अनुमान कधीही करू नये. बिट्टीचे बी हृदयाची क्रिया बंद पाडते.

मुलाने असे काही खाल्ल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता त्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. घरगुती उपायांनी ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये, आणि त्या झाडाची फळांसह लहान फांदी डॉक्टरांस दाखविण्यासाठी बरोबर घ्यावी. शहरी बागांतून शोभेसाठी लावलेल्या कैलासपतीचे तोफगोळ्यासारखे फळ, किंवा किगेलियाचे दुधीसारखे लोंबणारे फळ, हीदेखील खाण्याजोगी नव्हेत.

नोंद कशी व कोठे करावी

झाड ओळखले म्हणजे अर्धे काम झाले. ते कागदावर आले पाहिजे. प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव, जागा, जमिनीपासून सुमारे १.३७ मीटर उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर, फुलाचा व फळाचा महिना, आणि गावातील वृद्धांनी सांगितलेली माहिती लिहावी. गुराखी, धनगर, तसेच सातपुड्यातील तडवी व पावरा समाजांतील जाणती माणसे यांना जितकी झाडे ठाऊक असतात तितकी पुस्तके वाचणाऱ्यांस असत नाहीत. त्यांना आधी विचारावे. शंका असल्यास फूल किंवा फळ असलेली डहाळी वर्तमानपत्राच्या कागदात दाबून सुकवावी व जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना किंवा पाल येथील कृषी विज्ञान केंद्रास दाखवावी. अधिक कठीण नमुन्यांसाठी पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय कार्यालय आहे. मोबाइलवर छायाचित्रावरून झाडाचे नाव सुचविणारी साधनेही आता हाताशी आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा, पण केवळ पानाच्या छायाचित्रावरून मिळालेले नाव पक्के धरू नये. पानाची खालची व वरची बाजू, साल, फूल व फळ यांची वेगवेगळी छायाचित्रे घेतली तर सूचना पुष्कळ विश्वसनीय होते.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने व नगरपरिषदेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. महाराष्ट्राचे याविषयीचे नियम २००८ मध्ये झाले व राज्य मंडळ २०१२ पासून नागपुरास आहे. आपली नोंद याच वहीत जावी. अनेक गावांच्या वह्यांत ठराविक पन्नास झाडांची नावे एकमेकांवरून उतरविलेली असतात. अशा वहीचा उपयोग शून्य. खिरणीची एकच नोंद, पण जागेसह व घेरासह असेल, तर ती त्या पन्नासांहून मोलाची होय.

कायद्याचा आधार कोठवर मिळतो, हेही जाणून घ्यावे. फैजपूरसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाचा अधिनियम लागू आहे. तेथे दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते, झाड कोणत्याही जातीचे असो ते तोडण्यास परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. खेड्यात स्थिती निराळी आहे. झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९६४ च्या अधिनियमाला जी अनुसूची जोडली आहे, तीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा ही फळझाडे आहेत. खिरणी, चारोळी, कवठ, बारतोंडी यांचा तीत समावेश नाही. तेव्हा खेड्यातील खिरणीला संरक्षण मिळावयाचे ते ग्रामसभेच्या ठरावातून व नोंदवहीतील नावातूनच. रस्त्याचे काम निघाले की मोजणीच्या दिवशीच नोंदवहीची प्रत घेऊन हजर राहावे. झाडावर खुणेचा रंग लागल्यानंतर केलेल्या अर्जाचा बहुधा उपयोग होत नाही.

बी धरण्याची वेळ

खिरणीचे बी मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत गोळा करावे. झाडाखाली पडलेली, पूर्ण पिवळी झालेली फळे घ्यावीत, गर धुऊन काढावा व बी सावलीत सुकवावे. ते फार दिवस ठेवू नये. ताजे बी चांगले उगवते, जुने होत गेले की उगवण घटते. पिशवीत किंवा गादीवाफ्यावर पेरावे. उगवण सावकाश होते, म्हणून पंधरवड्यात कोंब दिसला नाही तरी वाफा मोडू नये. कलमाजोगी, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीची रोपे तयार होण्यास दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. प्रत्येक झाडाचे बी वेगळे ठेवून त्यावर झाडाच्या नोंदीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधावी.